महोत्सवाचा दरवाजा आणि मालेगावचा रस्ता

चित्रपट महोत्सव म्हटला की आपल्याकडे चर्चा होते ती लाल गालिच्याची. कोणती नटी कोणता पोशाख घालून आली, याची छायाचित्रे मराठी वृत्तपत्रेही हौसेने छापतात. पण महोत्सवाचे मोलाचे काम त्या गालिच्यापासून बरेच दूर चालते. ज्यांच्या नावावर अजून एकही पूर्ण लांबीचा चित्रपट नाही अशा मुलामुलींचे काम पाहणे, त्यातले निवडणे आणि निवडलेल्यांना पुढच्या चित्रपटापर्यंत सोबत करणे, हे ते काम. फ्रान्समधल्या कान महोत्सवाने यासाठी १९९८ साली, जील जाकोब यांच्या पुढाकाराने, ‘सिनेफोंदासियों’ हा विभाग सुरू केला. आज तो ‘ला सिनेफ’ या नावाने ओळखला जातो. या विभागाचे महाराष्ट्राशी असलेले नाते वाटते त्यापेक्षा जवळचे आहे. म्हणून त्याची चिकित्सा मराठीत व्हायला हवी, असे आम्हाला वाटते.

या उपक्रमाची रचना पाहण्यासारखी आहे. जगभरातल्या चित्रपट-शिक्षण संस्थांमधून विद्यार्थ्यांचे लघुपट मागवले जातात. २०२४ साली ५५५ संस्थांकडून २,२६३ चित्रपट आले आणि निवडले गेले फक्त १८. त्यातल्या पहिल्याला १५,००० युरो, दुसऱ्याला ११,२५० आणि तिसऱ्याला ७,५०० युरो मिळतात. पण केवळ बक्षीस देऊन हा विभाग थांबत नाही. २००० सालापासून पॅरिसमध्ये निवासाची सोय आहे. तिथे काही महिने राहून तरुण दिग्दर्शकाने आपली पहिली किंवा दुसरी पटकथा लिहावी, अशी अपेक्षा असते. २००५ पासून ‘आतेलिए’ सुरू झाले. तिथे पटकथा तयार असलेल्यांची निर्मात्यांशी गाठ घालून दिली जाते. म्हणजे आधी ओळख, मग लिहायला उसंत, मग पैसा. नवोदिताला नेमके याच क्रमाने या तीन गोष्टींची गरज पडते. आपल्याकडे सत्कार होतो, शाल-श्रीफळ मिळते आणि दुसऱ्या दिवशी तो मुलगा पुन्हा नोकरीच्या शोधात निघतो. त्या तुलनेत ही दृष्टी निश्चितच परिपक्व आहे.

या दृष्टीचे फळ आपण पाहिले आहे. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकत असताना पायल कपाडिया यांचा ‘आफ्टरनून क्लाउड्स’ हा लघुपट २०१७ मध्ये या विभागात दाखवला गेला. २०२१ मध्ये त्यांच्या ‘अ नाइट ऑफ नोइंग नथिंग’ला कानमध्येच सर्वोत्तम माहितीपटाचा ‘लॉई दोर’ मिळाला आणि २०२४ मध्ये ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’ला ग्रां प्री. तीस वर्षांनी एखादा भारतीय चित्रपट तिथल्या मुख्य स्पर्धेत पोहोचला होता. विद्यार्थी लघुपट ते मुख्य स्पर्धा हा प्रवास सात वर्षांचा आहे. या सात वर्षांत महोत्सवाने तिचे नाव विसरू दिले नाही, हे त्याचे खरे योगदान.

त्याच २०२४ साली ला सिनेफचे पहिले बक्षीसही पुण्यालाच आले. चिदानंद नाईक हे मैसूरचे वैद्यकीय पदवीधर. इन्स्टिट्यूटच्या एक वर्षाच्या टेलिव्हिजन अभ्यासक्रमाच्या अखेरीस त्यांनी ‘सनफ्लॉवर्स वेअर द फर्स्ट वन्स टू नो’ हा कानडी लघुपट केला. एक म्हातारी गावाचा कोंबडा पळवते आणि गावात सूर्य उगवेनासा होतो, ही लोककथा. अवघ्या सोळा मिनिटांत अंधार हेच या कथेचे पात्र होते. हा लघुपट चार दिवसांत चित्रित झाला. त्याआधी २०२० मध्ये अश्मिता गुहा नियोगी यांच्या ‘कॅटडॉग’ने हेच पहिले बक्षीस मिळवले होते. २०२३ मध्ये युधाजित बसू यांचा ‘नेहमीच’ हा मराठी लघुपट इथे निवडला गेला. कन्नड माणूस पुण्यात येऊन कानडी कथा सांगतो, बंगाली तरुण मराठी चित्रपट करतो. प्रभात स्टुडिओच्या जागेवर १९६० साली उभ्या राहिलेल्या संस्थेचे हे यश आहे आणि ती संस्था सरकारी खर्चाने चालते, हे विसरता कामा नये.

एवढे श्रेय दिल्यावर आता आमचा प्रश्न. ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’मध्ये अनू ही मल्याळी नर्स शियाझ या मुस्लिम तरुणावर प्रेम करते. त्याच्या घरचे बाहेरगावी असताना त्याच्या वस्तीत जाण्यासाठी ती बुरखा विकत घेते. ऐनवेळी पावसाने लोकल बंद पडते आणि तिचे जाणे राहते. हा प्रसंग अतिशय संयमाने चित्रित झाला आहे. बुरखा इथे ना भीतीचा ना करुणेचा विषय होतो. तो एका मुलीचा छोटासा बेत असतो. हिंदी पडद्याने मुस्लिम वस्ती जशी रंगवली, त्याच्याशी ताडून पाहिले म्हणजे या संयमाची किंमत कळते. तरीही शियाझचे घर आपल्याला दिसत नाही. त्याची आई, त्याची बहीण, त्या घरातला संध्याकाळचा स्वयंपाक, हे सारे लोकलच्या पलीकडेच राहते. हा दिग्दर्शिकेचा दोष नव्हे. तिची कथा अनूची आहे, आणि अनू पोहोचली नाही तर कॅमेराही पोहोचणार नाही. पण ते घर दाखवणारा कोणीतरी त्याच घरातून यायला हवा, आणि तो यायचा कुठून?

ला सिनेफची मेख इथे आहे. लघुपट चित्रपट-शिक्षण संस्थेत शिकताना केलेला असला पाहिजे, ही त्याची अट. महोत्सव निवड करतो खरी, पण त्याच्या कितीतरी आधी प्रवेशपरीक्षेने, फीने, भाषेने आणि घरच्या परवानगीने निवड केलेली असते. महोत्सवाच्या निवडसमितीपुढे फक्त त्या पहिल्या चाळणीतून उरलेले येतात.

चाळणीबाहेर काय राहते, हे पाहायचे तर मालेगावला जावे. व्हिडिओ पार्लर चालवणारे शेख नासिर दोन व्हीसीआर जोडून चित्रपटांची काटछाट करायला स्वतःच शिकले. यंत्रमागावर काम करणाऱ्यांना घेऊन त्यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ केला. हे शिक्षण नव्हते काय? पण त्याला प्रमाणपत्र नव्हते. मालेगाव पुढे महोत्सवांत पोहोचले, तेही विषय म्हणून. फैजा अहमद खान यांचा ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट २००८ चा, तर रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ २०२४ साली टोरंटोत दाखवला गेला. दोन्ही आस्थेने केलेले चित्रपट आहेत. तथापि दुसऱ्याने आपली गोष्ट सांगणे आणि आपण आपली गोष्ट सांगणे यात अंतर राहतेच. साहित्यात हे अंतर कापण्यासाठी दलित आणि मुस्लिम मराठी लेखकांनी किती कष्ट घेतले, हे वाचकांना सांगायला नको.

मार्ग अगदीच बंद आहे असेही नाही. नागराज मंजुळे यांनी ‘पिस्तुल्या’ केला तो तेव्हाच्या अहमदनगरमधल्या महाविद्यालयात, संज्ञापन अभ्यासक्रमाचा भाग म्हणून, आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. जिल्ह्याच्या गावातला एक साधा अभ्यासक्रमही किती दूर नेतो, याचे हे उदाहरण. रोहन कानवडे कोणत्याही चित्रपट-शाळेत गेले नाहीत. त्यांच्या ‘साबर बोंडं’च्या जडणघडणीत व्हेनिसच्या बिएनाले कॉलेजचा वाटा होता, आणि २०२५ मध्ये या मराठी चित्रपटाने सनडान्सला जागतिक कथापट विभागातले सर्वोच्च ज्युरी पारितोषिक मिळवले. शाळेची अट नसलेला दरवाजा ठेवला तर त्यातून कोण येऊ शकते, हे यावरून कळते.

म्हणून आमचा आग्रह कानपेक्षा आपल्याकडच्यांना अधिक आहे. फ्रान्समधल्या महोत्सवाने मालेगाव शोधावे ही अपेक्षा रास्त नाही. पण मालेगाव, भिवंडी, मिरज, परभणी इथल्या महाविद्यालयांत एक कॅमेरा, एक संकलनाचा संगणक आणि एक जाणता शिक्षक असावा, ही अपेक्षा अवाजवी कशी म्हणता येईल? आपल्या समाजातल्या शिक्षणसंस्थांनी डी. एड., बी. एड. आणि फार्मसीची महाविद्यालये काढली, ते योग्यच केले. आता त्यांनी याचाही विचार करावा. मुलींना प्रवेश देताना तर विशेष करावा. कोकणी मुसलमानाची बोली, मराठवाड्याची दखनी, मोहल्ल्यातली बाईची कैफियत, हे सारे सोळा मिनिटांच्या लघुपटात मावण्याजोगे आहे. पुण्याच्या विद्यार्थ्याने एका हरवलेल्या कोंबड्यावर जग जिंकून दाखवले. विषयांची वाण आपल्याकडे कधीच नव्हती. शियाझच्या घरात जाण्यासाठी कोणाला बुरखा विकत घ्यावा लागू नये. त्या घरातल्या मुलीच्या हातीच कॅमेरा द्यावा, म्हणजे ते घर पडद्यावर येईल.