वेंगुर्ल्याच्या कादंबऱ्या आणि रूपांतराचे इमान

कादंबरीवर नाटक किंवा चित्रपट आला की मराठी वाचक पहिल्यांदा विचारतो, मूळ कितपत ठेवले? प्रश्न रास्त आहे, पण उत्तर शोधताना आपण प्रसंग मोजत बसतो. हा प्रसंग गाळला, तो शेवट फिरवला, नायकाचे नाव बदलले. यादी पुरी झाली की निकाल जाहीर. सिंधुदुर्गातल्या प्रेक्षकाला तरी ही सवय शोभत नाही, कारण तो ज्या दशावतारावर वाढला त्याला लिहिलेली संहिताच नसते. पुराणातले आख्यान ठरते, रंग लावता लावता कोण कुठला, कोणी कोणाला कुठे गाठायचे एवढे बोलणे होते आणि पायपेटीचा सूर लागला की नट आपापले संवाद रंगमंचावरच रचतात. शंकर काय बोलेल हे कालच्या जत्रेत एक होते, आज दुसरे असेल. तरीही पहाटेपर्यंत जागणारा प्रेक्षक चूक लगेच पकडतो. पात्र स्वभाव सोडून बोलले किंवा आख्यानाची गाठ भलत्याच ठिकाणी सुटली, तर “कथा सोडल्यान” असा शेरा मंडपाच्या मागच्या रांगेतून ऐकू येतो. शब्द मोकळे आणि गाठ पक्की, असे इमान या मुलखाला शतकानुशतके ठाऊक आहे.

या कसोटीवर जिल्ह्यातल्या दोन कादंबरीकारांची रूपांतरे लावून पाहावीत. जयवंत दळवी वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीचे. चिं. त्र्यं. खानोलकर वेंगुर्ल्याच्याच परिसरात जन्मलेले. मुंबईला जाण्याआधी कुडाळात त्यांच्या घरची खानावळ होती. एवढ्याशा टापूतल्या दोन लेखकांवर व्ही. शांताराम, श्याम बेनेगल, विजया मेहता आणि रवींद्र धर्मराज यांनी काम केले. दुसऱ्या कुठल्या तालुक्याला हे भाग्य लाभले असेल असे वाटत नाही.

सगळ्यांत बोलके उदाहरण ‘अंधाराच्या पारंब्या’चे. या कादंबरीवरून दळवींनी स्वतःच ‘बॅरिस्टर’ हे नाटक लिहिले, विजया मेहतांनी ते 1977 मध्ये रंगमंचावर आणले आणि विक्रम गोखले बॅरिस्टर झाले. पुढे मेहतांनीच त्यावर ‘रावसाहेब’ हा हिंदी चित्रपट केला. त्यात अनुपम खेर आणि तन्वी आझमी होते आणि मावशीच्या भूमिकेसाठी खुद्द मेहतांना सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. एकाच कथेचे हे तीन जन्म. त्यांत सर्वाधिक निर्दय कोण? लेखक. कादंबरीचा पसारा मागे टाकून दळवींनी वाडा, विलायतेहून आलेला बॅरिस्टर, विधवा मावशी आणि तरुण विधवा राधा एवढेच नाटकात आणले. राधेच्या केशवपनाला विरोध करणारा हा सुधारक तिचा हात धरण्याची वेळ आली की मागे सरतो, आणि घराण्यात वारशाने आलेले वेड त्याची वाटच पाहत असते. सगळी गाठ इथे आहे. तिच्या भोवतालचे खूप काही दळवींनी कापले आणि गाठ आणखी आवळली. हेच दुसऱ्या कोणी केले असते तर आपण ‘मूळ कादंबरीवर अन्याय’ असे लेख लिहिले असते.

‘रावसाहेब’मध्ये दिग्दर्शिका तीच, कथाही तीच, पण भाषा हिंदी झाली. वाडा दिसतो, अंधार दिसतो, अभिनय उत्तम आहे. मात्र त्या घरातल्या बायकांच्या बोलण्यातला आडपडदा, न बोलता पुष्कळ सुचवण्याची रीत, हिंदीत सरळ होऊन जाते. प्रसंग एकही न हलता कथा कशी हलते ते इथे कळते.

खानोलकरांची गोष्ट अवघड, कारण त्यांच्या कादंबरीत घटनेपेक्षा भयाचे वातावरण मोठे. ‘कोंडुरा’ 1966 ची. कोंडुरा नावाची जागा वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर आजही आहे. बेनेगलांनी 1978 मध्ये ही कादंबरी उचलली आणि थेट आंध्रात नेली. हिंदीत ‘कोंडुरा’, तेलुगूत ‘अनुग्रहम्’. पटकथेत गिरीश कर्नाड, कॅमेऱ्यामागे गोविंद निहलानी, पडद्यावर अनंत नाग, वाणिश्री आणि स्मिता पाटील. समुद्रात भेटणारा सिद्धपुरुष अमरीश पुरींचा. यादीवाल्यांच्या हिशोबाने हे रूपांतर बाद व्हायला हवे: गाव बदलले, किनारा बदलला, बोली बदलली. मला ते तसे वाटत नाही. दैवी देणगी मिळालेल्या, ब्रह्मचर्याचे व्रत घातलेल्या माणसाला स्वतःचा भ्रम आणि साक्षात्कार यांतला फरक कळेनासा होतो आणि त्याच्या हातून निरपराधाचा घात होतो, ही गाठ बेनेगलांनी सोडलेली नाही. सुटले ते दुसरेच. खानोलकरांच्या पानांवर देवी आणि देवचार शेजारपाजारी राहावेत तसे वावरतात, त्यांच्याबद्दल कोणाला खुलासा द्यावा लागत नाही. बेनेगलांचा कॅमेरा समाजशास्त्रज्ञाचा. तो श्रद्धेकडे आदराने पाहतो, पण बाहेर उभा राहून.

व्ही. शांतारामांची ‘चानी’ 1977 ची, म्हणजे खानोलकर गेल्यानंतर वर्षभरातली. हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत, चानीच्या भूमिकेत रंजना. गोऱ्या साहेबाच्या रक्ताची, सोनेरी केसांची मुलगी, गावाला तिचा विटाळही आणि तिची हावही. ही कथा चित्रपटात ठळकपणे येते, अतिठळकपणे. खानोलकर कुजबुजत सांगतात ते शांताराम रंगांत आणि गाण्यांत उंच स्वरात सांगतात. कथेशी प्रामाणिक राहूनही मूळ हुकता येते, याचा या यादीतला स्पष्ट पुरावा हाच.

‘चक्र’ला हा त्रास झाला नाही. दळवींनी 1963 मध्ये लिहिलेली ही कादंबरी मुंबईच्या झोपडपट्टीची, तिथली बोली मुळातच सरमिसळ. त्यामुळे धर्मराजांच्या 1981 च्या हिंदी चित्रपटात अम्मा आणि लुक्का परके वाटत नाहीत. लोकार्नोला त्याला सुवर्ण बिबट्या मिळाला आणि स्मिता पाटील यांना राष्ट्रीय पुरस्कार. दळवींच्याच ‘महानंदा’ या कादंबरीवर शं. ना. नवरे यांनी ‘गुंतता हृदय हे’ हे नाटक केले. ते लोकप्रिय झाले; त्याचा विचार मात्र रंगभूमीच्या गणितात करावा, रूपांतराच्या नव्हे.

जगात आता उलटा प्रवाहही जोरात आहे. व्हिडिओ गेमवरून कादंबऱ्या लिहिल्या जातात आणि तिथेही वाचक इमानाचाच वाद घालतो. ‘असॅसिन्स क्रीड: रेनेसांस’ ही 2009 ची कादंबरी गेममधल्या एझिओची कथा पुन्हा सांगते, गेममधला आधुनिक काळाचा धागा गाळून. खेळणाऱ्याने हातांनी जे केले ते वाचकाला नुसते ऐकायचे, म्हणून पानोपानी मारामाऱ्या येतात आणि कंटाळा येतो. याउलट 2001 ची ‘हेलो: द फॉल ऑफ रीच’ गेम सुरू होण्याआधीचा काळ सांगते. एरिक नायलंडने तिथे जग उचलले, घटना स्वतःच्या रचल्या, आणि ती टिकली. दशावतारी नटाला यात नवल वाटणार नाही. तो रोज रात्री हेच करतो.

खुद्द खानोलकरांनीही हे केले होते. ब्रेख्तच्या ‘कॉकेशियन चॉक सर्कल’चे त्यांनी ‘अजब न्याय वर्तुळाचा’ केले. जॉर्जियाची कथा मराठी लोकनाट्याच्या वळणाने बोलू लागली आणि कोणाला ब्रेख्तची आठवण जपत बसावे लागले नाही. गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’ने 1980 पासून तर रूपांतराच्या फजितीचेच नाटक केले. गावठी नटांच्या तोंडी महाभारत मालवणी होते आणि प्रेक्षक हसता हसता आख्यानही ओळखत राहतो.

आज काय चालले आहे? कोकण पडद्यावर कधी नव्हे इतके दिसते. ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेने आकेरीचा वाडा घरोघरी नेला, ‘पिकासो’ आणि 2025 चा ‘दशावतार’ यांनी दशावतारी नटालाच नायक केले. या संहिता नव्या आहेत, त्यात वावगे काही नाही. पण मालिकांतली मालवणी बहुधा वाक्याच्या शेवटी एखादा हेल आणि दोन शिव्या एवढ्यावर भागवलेली असते, आणि खानोलकर-दळवींच्या कादंबऱ्यांकडे हात वळताना दिसत नाही. गावाचे देऊळ, माड आणि धुके घ्यायचे आणि त्या गावाने लिहिलेले पुस्तक कपाटात ठेवायचे, हा व्यवहार मला कोता वाटतो.

खानोलकरांच्या ‘रात्र काळी, घागर काळी’ आणि ‘अजगर’ या कादंबऱ्या वाचकाला आजही अस्वस्थ करतात. त्यांवर चित्रपट करू पाहणाऱ्या दिग्दर्शकाला एवढीच विनंती: पटकथा झाली की ती संवादलेखकाकडे धाडण्याआधी कुडाळ-सावंतवाडीकडच्या एखाद्या जुन्या दशावतारी नटाला नुसती गोष्ट सांगा, संवाद सांगू नका, आणि त्याच्या तोंडून ती बोलून घ्या. त्याला मानधन द्या, आणि श्रेयनामावलीत त्याचे नाव संवादलेखक म्हणूनच छापा.