उशिरा झालेल्या लढती

२ मे २०१५ रोजी लास व्हेगासमध्ये फ्लॉइड मेवेदर आणि मॅनी पॅकियाओ अखेर आमनेसामने आले. मेवेदर तेव्हा ३८ वर्षांचा होता, पॅकियाओ ३६ वर्षांचा. ही लढत खरं तर २०१० मध्येच व्हायची होती. रक्तचाचणीच्या अटींवरून बोलणी फिसकटली आणि पुढची पाच वर्षं दोन्ही बाजू एकमेकांवर खापर फोडत राहिल्या. मधल्या काळात, २०१२ च्या डिसेंबरात, हुआन मॅन्युएल मार्केझनं एका उजव्या ठोशात पॅकियाओला तोंडावर पाडलं होतं. तरीही अमेरिकेत ४६ लाख ग्राहकांनी वेगळे पैसे मोजून ही लढत विकत घेतली. मेवेदरनं बाराही फेऱ्या अंतर राखून, जोखीम टाळून काढल्या आणि गुणांवर लढत जिंकली. त्या रात्री गल्ला विक्रमी जमला आणि निराशाही तितकीच मोठी पदरी पडली. दोन्हींचं कारण एकच होतं. व्यावसायिक मुष्टियुद्धात मोठी लढत लोणच्यासारखी मुरवत ठेवतात, आणि मुरता मुरता ती नासते.

हे का होतं, याचं उत्तर पराभवाच्या रकान्यातल्या शून्यात सापडतं. रॉकी मार्सियानो १९५६ मध्ये ४९-० अशा नोंदीनिशी निवृत्त झाला. मेवेदरनं तो आकडा ५०-० वर नेला. पण पन्नासावा प्रतिस्पर्धी होता कॉनर मॅकग्रेगर, आणि त्याची व्यावसायिक मुष्टियुद्धातली ती पहिलीच लढत होती. एक हार झाली की भाव उतरतो, असं प्रमोटर आणि वाहिन्या धरून चालतात. म्हणून शून्य जपायचं, आणि ते जपायचं तर तोलाचा गडी टाळायचा. टाळण्याची सोयही चोख आहे. डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ अशा चार संघटना, पुरुषांचे किमान सतरा वजनगट आणि प्रत्येक ठिकाणी वेगळा पट्टा. एकाच वजनात चौघे जण 'जगज्जेता' म्हणून मिरवू शकतात आणि एकमेकांच्या वाटेला न जाता कारकीर्द पुरी करू शकतात.

शुगर रे रॉबिन्सनची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. सलग चाळीस विजयांनंतर फेब्रुवारी १९४३ मध्ये जेक लामोटानं त्याला हरवलं. त्याच महिन्यात रॉबिन्सन पुन्हा लामोटासमोर उभा राहिला आणि जिंकला. दोघे एकूण सहा वेळा लढले. जाणकार आजही सर्व वजनगटांत मिळून श्रेष्ठ कोण, या वादात रॉबिन्सनचं नाव पहिलं घेतात. त्याच्या नोंदीत एकोणीस पराभव असूनही घेतात.

ऐंशीच्या दशकातले चौघेही असेच. शुगर रे लिओनार्ड, रोबेर्तो दुरान, टॉमी हर्न्स आणि मार्विन हॅगलर १९८० ते १९८९ या काळात आपापसांत नऊ वेळा लढले. चौघांपैकी प्रत्येक जण उरलेल्यांपैकी कुणाकडून तरी हरला, आणि त्यामुळे कुणाचंही मोल घटलं नाही. १५ एप्रिल १९८५ ची हॅगलर-हर्न्स लढत तिसऱ्या फेरीतच निकाली निघाली. पहिल्या फेरीच्या तीन मिनिटांत दोघांनी जे काही एकमेकांना दिलं आणि सोसलं, तसं एखाद्याच्या अख्ख्या कारकिर्दीत पाहायला मिळत नाही.

दोन वर्षांनी, ६ एप्रिल १९८७ ला, हॅगलर लिओनार्डसमोर उभा राहिला. ही लढत मी बारकाईनं पाहण्याच्या लायकीची मानतो, कारण या खेळाची सगळी दुखणी आणि सगळी थोरवी तिच्यात एकत्र दिसते. लिओनार्ड पाच वर्षांत एकदाच रिंगमध्ये उतरला होता. त्यानं तीन अटी घातल्या: पंधराऐवजी बारा फेऱ्या, मोठी रिंग, जड हातमोजे. जास्त मानधनाच्या बदल्यात हॅगलरनं त्या मान्य केल्या. थोडक्यात, घंटा वाजण्याआधीच लढतीचा एक भाग करारावर लढला गेला होता. वर हॅगलर, जो एरवी डावखुऱ्या पवित्र्यात लढायचा, पहिल्या फेऱ्यांत उजव्या पवित्र्यात लढला आणि त्या फेऱ्या हातच्या घालवून बसला. पुढे त्यानं दाब वाढवला, पण लिओनार्ड फेरी संपत आली की ठोशांची सर सोडायचा. तिच्यात दम फारसा नसे, पण परीक्षकांच्या नजरेत ती भरे. निकाल दोन विरुद्ध एक असा लिओनार्डच्या बाजूनं लागला. एका परीक्षकानं हॅगलरला ११५-११३ असं पुढे ठेवलं, तर दुसऱ्यानं लिओनार्डला ११८-११०. एकच लढत, रिंगच्या कडेला बसलेली दोन माणसं आणि इतकी तफावत! हॅगलर त्यानंतर पुन्हा कधीच लढला नाही.

तीस वर्षांनी, २०१७ मध्ये, कनेलो आणि गोलोव्किन यांच्या चुरशीच्या लढतीत एका परीक्षकानं पुन्हा तेच ११८-११० लिहिलं, कनेलोच्या बाजूनं. लढत बरोबरीत सुटली. परीक्षकांची नेमणूक राज्याचा क्रीडा आयोग करतो, मानधन प्रमोटरच्या खिशातून जातं, आणि असा कागद लिहिणाऱ्याला आपल्या गुणांचं फेरीनिहाय स्पष्टीकरण द्यावं लागत नाही. ते द्यायला लावलं पाहिजे. बारा आठवडे घाम गाळून आलेल्या माणसाचं तेवढं देणं लागतं.

उशिराचं नुकसान सर्वांत ठळक दिसतं ते टेरेन्स क्रॉफर्ड आणि एरॉल स्पेन्स यांच्या बाबतीत. वर्षानुवर्षं चर्चेत असलेली ही लढत जुलै २०२३ मध्ये झाली. क्रॉफर्डनं स्पेन्सला तीनदा खाली पाडलं आणि नवव्या फेरीत पंचांनी लढत थांबवली. क्रॉफर्डचा खेळ त्या रात्री निर्दोष होता. पण स्पेन्स २०१९ मध्ये भीषण मोटार अपघातातून वाचला होता आणि २०२१ मध्ये त्याच्या डोळ्याच्या पडद्याला इजा झाली होती. अपघाताआधीचा स्पेन्स समोर असता तर? हा प्रश्न क्रॉफर्डच्या सर्वांत मोठ्या विजयाला कायमचा चिकटला, आणि त्यात त्याचा दोष नाही. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये तो दोन वजनगट चढून कनेलोला हरवून आला. त्याच वर्षी डिसेंबरात डब्ल्यूबीसीनं फी न भरल्याच्या कारणावरून त्याचा पट्टा काढून घेतला. पट्ट्यांची किंमत किती, हे यावरून कळावं.

आजच्या पिढीत वारसा कुणाचा मोठा, असं विचारलं तर मी ओलेक्झांडर उसिकचं नाव घेईन, आणि ते त्याच्या शून्यासाठी नाही. युक्रेनच्या या लढवय्यानं ग्वोवात्स्कीला पोलंडमध्ये, ब्रिएडिसला लाटव्हियात, गासिएव्हला मॉस्कोत आणि जोशुआला लंडनमध्ये, म्हणजे प्रत्येकाला त्याच्याच अंगणात हरवलं. मे २०२४ मध्ये रियाधला टायसन फ्युरीविरुद्ध नवव्या फेरीत त्यानं डाव्या ठोशांनी फ्युरीचे पाय लटपटवले. दोरांनी सावरलं म्हणून फ्युरी पडला नाही, पण पंचांनी नियमाप्रमाणे गणती केली. ती फेरी १०-८ अशी धरली गेली. गुणपत्रकं ताडून पाहा: गणतीचा तो एक गुण वजा केला, तर एक पत्रक उसिकचं, एक फ्युरीचं आणि एक बरोबरीचं राहतं. लेनक्स लुईसनंतर हेवीवेटला मिळालेला पहिला निर्विवाद जगज्जेता त्या काही सेकंदांत ठरला. पुढच्याच महिन्यात उसिकला आयबीएफचा पट्टा सोडावा लागला. जुलै २०२५ मध्ये त्यानं तो डॅनियल दुबॉयकडून परत जिंकला.

आपल्याकडे व्यावसायिक मुष्टियुद्ध अजून रांगतं आहे. बीजिंग ऑलिंपिकचा कांस्यपदक विजेता विजेंदर सिंग २०१५ मध्ये व्यावसायिक झाला. ऑगस्ट २०१७ मध्ये तो वरळीच्या एनएससीआयमध्ये चिनी प्रतिस्पर्ध्याविरुद्ध जिंकला. मार्च २०२१ मध्ये पणजीत, मांडवीतल्या जहाजाच्या गच्चीवर, रशियाच्या लोप्सानकडून हरला तेव्हा त्याची नोंद १२-० होती. त्याच्या पदार्पणानंतर दहा वर्षं उलटली, तरी मुंबई-पुण्याच्या मुलाला व्यावसायिक व्हायचं तर दरमहा भरणारी स्थानिक लढतींची मालिका नाही.

रियाधच्या पैशानं एक काम नक्की केलं: अडलेल्या लढती झाल्या. सौदी अधिकारी तुर्की अलालशिख यांनी चेक पुढे केला आणि वर्षानुवर्षं न जुळणारे प्रमोटर एका टेबलाशी बसले. पण एका माणसाच्या मर्जीवर आणि एका राजवटीच्या प्रतिमेसाठी चालणारा खेळ त्या मर्जीबरोबरच संपू शकतो. आता त्यांच्यासोबत यूएफसी या मिश्र मार्शल आर्ट्स संघटनेची मालक कंपनी टीकेओ बॉक्सिंगमध्ये उतरली आहे. अमेरिकेत २००० साली महंमद अलीच्या नावानं कायदा झाला. प्रमोटरनं लढतीतून किती कमावलं हे मुष्टियोद्ध्याला सांगायचं आणि प्रमोटरनं व्यवस्थापक व्हायचं नाही, ही त्याची मुख्य कलमं. २०२५ मध्ये तिथल्या संसदेत आलेलं विधेयक एकाच कंपनीला क्रमवारी, पट्टे आणि आयोजन असं सगळं हाती घेण्याची वाट मोकळी करतं. एक संघटना, एक जगज्जेता, वेळेवर लढती, हे ऐकायला मलाही हवंहवंसं वाटतं. पण याच कंपनीच्या यूएफसीनं, मानधन दाबल्याच्या आरोपावरून लढवय्यांनी भरलेला दावा ३७.५ कोटी डॉलर देऊन मिटवला आहे.

आणि हे मानधन कशाचं असतं? १९८२ मध्ये रे मॅन्सिनीशी लढलेला दक्षिण कोरियाचा किम डुक-कू दगावला आणि जगज्जेतेपदाच्या फेऱ्या हळूहळू पंधरावरून बारावर आल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये टोकियोत एकाच कार्यक्रमात लढलेले दोन तरुण मेंदूतल्या रक्तस्रावानं गेले. खुद्द अली ३८ व्या वर्षी लॅरी होम्सचे ठोसे खात उभा होता. चार वर्षांनी त्याला पार्किन्सन्स असल्याचं निदान झालं. इतकी किंमत मोजणाऱ्याला हिशेब मागायचा हक्क अलीच्याच नावाच्या कायद्यानं दिला आहे. लढती वेळेवर व्हाव्यात म्हणून तो हक्क काढून घेणं हा सौदा चाहत्यांनी मान्य करू नये.