कारगिल, वृत्तवाहिन्या आणि हिंदी युद्धपट : स्मरणातून वगळलेला प्रश्न

20 जून 1999 रोजी द्रास क्षेत्रातील ‘पॉइंट 5140’ हे शिखर सर झाले. 13 जम्मू अँड काश्मीर रायफल्सच्या विक्रम बत्रा यांनी ही वार्ता वायरलेसवरून आपल्या कमांडिंग ऑफिसरला कळविताना यशाचा संकेत म्हणून एका शीतपेयाच्या जाहिरातीतील वाक्य वापरले : ‘ये दिल माँगे मोअर’. काही दिवसांनी तेच वाक्य त्यांनी दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यासमोर उच्चारले आणि ते देशभर झाले. 7 जुलै रोजी ‘पॉइंट 4875’ च्या लढाईत त्यांना वीरमरण आले. तेव्हा त्यांचे वय चोवीस वर्षांचे होते. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले.

बाजारपेठेने घडविलेले वाक्य एका सैनिकाने आपल्या सहकाऱ्यांशी बोलताना विनोदबुद्धीने आपलेसे केले, इतकाच त्याचा मूळ अर्थ होता. जाहिरातीतील ‘आणखी’ म्हणजे आणखी एक बाटली. बत्रा यांच्या तोंडी त्याचा अर्थ आणखी एक शिखर असा झाला. मात्र वृत्तवाहिनीवरून दिवाणखान्यात पोहोचल्यावर ते पुन्हा प्रेक्षकाचे वाक्य झाले. आता ‘आणखी’ मागणारा लढत नव्हता, पाहत होता. युद्ध, शासन, वृत्तमाध्यमे आणि लोकप्रिय संस्कृती यांच्यातील देवघेव या एका वाक्याच्या प्रवासात स्पष्ट दिसते. या देवघेवीत कारगिलचा विजय स्मरणात राहिला, परंतु कारगिल घडलेच कसे हा प्रश्न हळूहळू गळून पडला, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

कारगिल हे भारतीयांनी घरबसल्या पाहिलेले पहिले युद्ध, असे म्हणण्याचा प्रघात आहे व तो योग्यच आहे. तथापि त्या वेळच्या राजकीय स्थितीकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. 17 एप्रिल 1999 रोजी वाजपेयी सरकार लोकसभेत एका मताने पराभूत झाले होते आणि लोकसभा विसर्जित झाली होती. युद्ध चालविणारे शासन काळजीवाहू होते. राज्यसभेचे अधिवेशन बोलवावे ही विरोधी पक्षांची मागणी मान्य झाली नाही. येथे 1962 ची आठवण होणे अपरिहार्य आहे. चीनशी युद्ध चालू असताना संसदेचे अधिवेशन तातडीने बोलवावे, अशी मागणी करणाऱ्यांत राज्यसभेचे तरुण सदस्य अटलबिहारी वाजपेयी होते, आणि पंडित नेहरूंनी 8 नोव्हेंबरला अधिवेशन भरविलेही होते. 1999 मध्ये प्रश्न विचारण्याचे घटनात्मक सभागृह बंद राहिले. त्याची जागा दिल्लीतील दैनंदिन वार्ताहर परिषदेने आणि पडद्याने घेतली.

सभागृहात उत्तर देणे मंत्र्याला बंधनकारक असते. वार्ताहर परिषदेत काय सांगावयाचे हे सांगणारा ठरवितो. हा भेद मूलभूत आहे. परराष्ट्र मंत्रालयाचे प्रवक्ते आणि सैन्यदलांचे अधिकारी रोज माहिती देत. सैन्याच्या वतीने बोलणारे कर्नल बिक्रम सिंग पुढे 2012 मध्ये लष्करप्रमुख झाले. ही व्यवस्था नेटकी होती आणि तिला यशही लाभले. 11 जून रोजी जनरल मुशर्रफ यांच्या दूरध्वनी संभाषणाच्या ध्वनिफिती प्रसिद्ध करण्यात आल्या, तो माध्यमनीतीचा प्रभावी प्रयोग होता. त्याच महिन्यात पाकिस्तान टेलिव्हिजनचे केबलवरील प्रक्षेपण बंद करण्यात आले. म्हणजे माहितीचा स्रोत आणि माहितीचा द्वारपाल या दोन्ही भूमिका शासनाकडेच होत्या. वाहिन्यांना मिळाली ती दृश्ये : बोफोर्स तोफांचा भडिमार, तरुण अधिकाऱ्यांचे हसरे चेहरे, पुढे तिरंग्यात लपेटलेल्या शवपेट्या. ही दृश्ये खोटी नव्हती. आघाडीवर गेलेल्या वार्ताहरांनी जीव धोक्यात घातला होता, हेही नाकारता येत नाही. मात्र कॅमेरा पर्वताच्या माथ्याकडे रोखलेला असताना तेथे शत्रू कधी व कसा पोहोचला, हे त्यातून दिसणे शक्य नव्हते.

ते शोधण्याचे काम के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालील कारगिल आढावा समितीकडे आले. युद्धसमाप्तीनंतर तीनच दिवसांनी, 29 जुलै 1999 रोजी ती नेमली गेली आणि फेब्रुवारी 2000 मध्ये तिचा अहवाल संसदेपुढे ठेवण्यात आला. घुसखोरी ही शासन, सैन्य आणि गुप्तवार्ता यंत्रणा या सर्वांनाच पूर्णतः अनपेक्षित होती, असा तिचा निष्कर्ष होता. हिवाळ्यातील टेहळणीच्या मर्यादा आणि यंत्रणांमधील माहितीच्या देवाणघेवाणीचा अभाव यांवर तिने बोट ठेवले. मेच्या आरंभी बटालिक भागातील मेंढपाळांनी अनोळखी माणसे पाहिली, त्यानंतर चक्रे फिरली. या युद्धात 527 जवान व अधिकारी धारातीर्थी पडले. अहवालातील काही भाग सुरक्षेच्या कारणास्तव गाळून तो ग्रंथरूपानेही प्रसिद्ध झाला. संरक्षणव्यवस्थेतील पुढील सुधारणांना, संरक्षणप्रमुख पदाच्या 2019 मधील निर्मितीपर्यंत, या अहवालाची पार्श्वभूमी आहे. म्हणजे शासनसंस्थेने आपल्या परीने धडा घेतला. तो धडा जनमानसापर्यंत मात्र पोहोचला नाही, कारण जनमानसाचा कारगिलविषयक ग्रंथ अहवाल नसून चित्रपट आहे.

जे. पी. दत्ता यांचा ‘एलओसी कारगिल’ डिसेंबर 2003 मध्ये प्रदर्शित झाला. त्याची लांबी चार तासांहून अधिक आहे. पलटणी, हुद्दे, नावे यांची नोंद तो निष्ठेने ठेवतो, किंबहुना ती निष्ठाच त्याला कथा म्हणून जड करते. पण इतक्या अवधीतही युद्धाची कारणमीमांसा त्यात उणी राहते. शत्रू आला आहे, त्याला हटवावयाचे आहे, एवढ्यावर त्याचे जग उभे आहे. 2004 मधील फरहान अख्तर यांचा ‘लक्ष्य’ कलादृष्ट्या सरस आहे, आणि म्हणूनच अधिक विचारणीय आहे. त्यात युद्ध हे दिल्लीतील एका ध्येयहीन श्रीमंत तरुणाच्या आत्मशोधाचे साधन ठरते. त्याची प्रेयसी वृत्तवाहिनीची वार्ताहर आहे आणि तीही आघाडीवर पोहोचते. सैनिक आणि वार्ताहर यांचे नाते प्रेमकथेत बसविल्यामुळे वार्ताहराचे मूळ कर्तव्य, म्हणजे अडचणीचा प्रश्न विचारणे, कथेच्या दृष्टीने अनावश्यक होऊन बसते. 2021 मध्ये बत्रा यांच्या जीवनावरील ‘शेरशाह’ आला. जाहिरातीतून शिखरावर आणि शिखरावरून वाहिनीवर गेलेले ते वाक्य बावीस वर्षांनी पुन्हा मनोरंजनाच्या बाजारात परतले.

दरम्यान या प्रवासाची दिशाही पालटली होती. 2016 च्या लक्ष्यभेदी कारवाईवरील ‘उरी’ हा चित्रपट 11 जानेवारी 2019 रोजी प्रदर्शित झाला. आठवडाभरातच, 19 जानेवारीला, मुंबईत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे उद्घाटन करताना पंतप्रधानांनी ‘हाऊज द जोश’ हा त्यातील संवाद श्रोत्यांना विचारला. 1 फेब्रुवारीला अंतरिम अर्थसंकल्प मांडताना पीयूष गोयल यांनीही लोकसभेत या चित्रपटाचा उल्लेख केला. सार्वत्रिक निवडणूक तोंडावर होती. 1999 मध्ये सैनिकाने बाजाराचे वाक्य उचलले होते. 2019 मध्ये शासनाने चित्रपटातील काल्पनिक सैनिकाचे वाक्य उचलले. आणि 7 मे 2025 रोजी ‘ऑपरेशन सिंदूर’ जाहीर झाले त्याच दिवशी त्या नावाच्या व्यापारचिन्हासाठी अर्ज दाखल झाले. त्यांतील एक अर्ज एका मोठ्या उद्योगसमूहाच्या चित्रपटनिर्मिती कंपनीचा होता. लोकक्षोभ होताच दुसऱ्या दिवशी तो मागे घेण्यात आला.

त्याच आठवड्यातील वृत्तवाहिन्यांचे वर्तन तर उद्वेगजनक होते. 8 मेच्या रात्री कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचे वृत्त काही वाहिन्यांनी निःशंकपणे दिले. ते खरे नव्हते. बातम्यांच्या पार्श्वसंगीतासाठी हवाई हल्ल्याचे भोंगे इतके वाजविले गेले की, नागरी संरक्षण यंत्रणेला त्यांचा वापर थांबविण्याची सूचना द्यावी लागली. खऱ्या भोंग्याकडे लोकांनी दुर्लक्ष करू नये, ही त्यामागील साधी काळजी होती. 2008 च्या मुंबई हल्ल्याच्या थेट प्रक्षेपणावर सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये कडक ताशेरे ओढले होते आणि 2015 मध्ये दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणास नियमाने मनाई झाली. तथापि हे नियमन दृश्यापुरते आहे. सुरक्षेला बाधक असे चित्र अडविता येते. शासनाला सोयीचे असत्य अडविण्यात कोणाला स्वारस्य असते, हा प्रश्न राहतोच.

महाविद्यालयांतून 26 जुलैला होणाऱ्या कार्यक्रमांत विद्यार्थी चित्रपटांतील संवाद आवेशाने म्हणतात. त्यात गैर काही नाही. आढावा समितीच्या अहवालातील एखादे प्रकरण त्याच दिवशी वाचावयास द्यावे, असे मात्र क्वचितच कोणाला सुचते.

लोकप्रिय चित्रपट संस्थात्मक प्रश्न उपस्थित करू लागला तर काय घडते, याचे उदाहरणही कारगिलशीच निगडित आहे. जुलै 2020 मध्ये संरक्षण मंत्रालयाने चित्रपट प्रमाणन मंडळाला पत्र लिहून सैन्यविषयक चित्रपटांसाठी ना-हरकत प्रमाणपत्राचा आग्रह धरला. पुढच्याच महिन्यात, कारगिलमध्ये हेलिकॉप्टर चालविणाऱ्या वैमानिक गुंजन सक्सेना यांच्यावरील चित्रपट आला. त्यात दाखविलेल्या लिंगभेदाला वायुदलाने लेखी हरकत घेतली. ही हरकत सर्वस्वी निराधार नव्हती; संस्थेच्या पातळीवर आपल्याशी भेदभाव झाला नाही, असे स्वतः सक्सेना यांनीही सांगितले होते. दिल्ली उच्च न्यायालयाने चित्रपटाचे प्रदर्शन थांबविण्यास नकार दिला. वस्तुनिष्ठतेचा हा आग्रह स्वागतार्ह मानला, तरी ज्या चित्रपटांत 1999 च्या हिवाळ्यातील टेहळणीचा विषयच गाळलेला आहे, त्यांच्या बाबतीत असे एखादे पत्र लिहिले गेल्याचे ऐकिवात नाही.