लहान जहाजांची पारख

बारीक कारागिरीपुढें उभा राहिलेला प्रेक्षक पहिला उद्गार काढतो तो चिकाटीबद्दल. आपल्याकडील प्रदर्शनांतून तांदुळाच्या दाण्यावर श्लोक लिहून ठेवलेला असतो. लोक डोळ्याशीं भिंग धरून तो पाहतात, ‘केवढी ही चिकाटी!’ असें म्हणतात, व पुढें सरकतात. अक्षर कसें आहे, ओळ सरळ आहे कीं वांकडी, हें कोणी विचारीत नाहीं. आमच्या मतें ही स्तुति नव्हे. पारख करण्याचें टाळण्याचा तो एक सभ्य मार्ग आहे. शिडाच्या जहाजांच्या लहान प्रतिकृति करण्याची जी कला इंग्लंडांत साडेतीनशें वर्षांहून अधिक काळ चालत आली आहे, तिच्याकडे आम्ही याच दृष्टीनें वळत आहों. तिच्यांत चिकाटी सर्वत्र सारखीच अपार आहे. तरीहि कृति सारख्या योग्यतेच्या नाहींत. मग फरक कशानें पडतो?

प्रथम हाडांचीं जहाजें घेऊं. १७९३ पासून १८१५ पर्यंत इंग्लंड व फ्रान्स यांच्यामध्यें थोडी विश्रांति सोडली तर युद्ध चालूच होतें, आणि हजारों फ्रेंच कैदी, त्यांत पुष्कळसे खलाशी, इंग्लंडांतील छावण्यांत व जुन्या जहाजांवर डांबलेले होते. पीटरबरोजवळ नॉर्मन क्रॉस येथें १७९७ सालीं अशी एक मोठी छावणी उघडण्यांत आली. शिध्यांतील मांसाचीं उरलेलीं हाडें हे लोक उकळून स्वच्छ करीत, त्यांच्या चिंचोळ्या पट्ट्या कापीत, व त्या लाकडी गाभ्यावर पितळेच्या बारीक टांचण्यांनीं बसवीत. दोरांच्या जागीं केस किंवा रेशीम. कांहीं जहाजांना अशी योजना असे कीं, खालून सूत ओढतांच साऱ्या तोफा एकदम आंत जात! छावणीच्या दाराशीं बाजार भरे, व आसपासचे इंग्रज हीं जहाजें विकत घेत. पीटरबरोच्या संग्रहालयांत त्या कैद्यांच्या हातच्या वस्तूंचा मोठा संग्रह आजहि आहे.

यांतील उत्तम जहाज पाहून मन थक्क होतें, यांत शंका नाहीं. परंतु थक्क होऊन झाल्यावर पाहत राहिलें म्हणजे डोलकाठ्या फार उंच वाटूं लागतात, तोफा जाड वाटतात, आणि नाळेवरची मूर्ति तर एवढी थोर कीं खऱ्या जहाजावर ती बसविली असती तर जहाजच पुढें कलंडतें. नकाशा हातीं नव्हता. काम आठवणीवर चाले, आणि गिऱ्हाईक इंग्रज असल्यामुळें नांव बहुधा इंग्रजी जहाजाचें कोरलें जाई. कैद्याला दोष देण्याचें आमच्या मनांतहि नाहीं. त्याला दिवस संपवावयाचा होता व चार पैसे मिळवावयाचे होते; दोन्ही गोष्टी त्यानें सन्मानानें साधल्या. पण त्याच्या चिकाटीचा रोंख जहाजाकडे नसून पाहणाऱ्याच्या चकित चेहऱ्याकडे होता, हें म्हणणें भाग आहे. मोरोपंतांच्या निरोष्ठ रामायणाची येथें आठवण होते. ओष्ठ्य वर्ण एकहि न वापरतां रामकथा रचणें हा पराक्रम खराच. परंतु ‘केकावली’ लोक वाचतात, आणि निरोष्ठ रामायण असें एक आहे हें केवळ एकमेकांस सांगतात.

आतां दुसरी जात पाहूं. सतराव्या शतकाच्या मध्यापासून इंग्लंडच्या आरमारी मंडळाच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या लांकडी प्रतिकृति होऊं लागल्या. माप बहुधा एका फुटास पाव इंच, म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळिसावा हिस्सा. मंडळाचा अधिकारी सॅम्युएल पीप्स यानें १६६२ सालीं जहाजाच्या भागांची ओळख प्रतिकृतीवरूनच करून घेतली, असें त्याच्या रोजनिशीवरून दिसतें. या प्रतिकृतींचा विशेष असा कीं, पाण्याखालच्या भागावर फळ्या मारलेल्याच नसतात. बरगड्या उघड्या असतात. पुष्कळांवर डोलकाठ्या व शिडेंहि नाहींत. गंमत अशी कीं, ही बरगड्यांची मांडणीहि खऱ्या जहाजाबरहुकूम नाहीं. खऱ्या जहाजांत लांकडें जशीं जोडीत तशीं तीं येथें जोडलेलीं नाहींत. एक ठराविक, नेटकी रीत पाळलेली आहे. म्हणजे सत्यापासून ढळणें दोन्हींकडे आहेच! मग एक क्षम्य व एक सदोष कां? कारागिरानें फळ्या वगळल्या त्या जहाजाचा बांक डोळ्यांना दिसावा म्हणून. शिवाय फळीखालीं पुष्कळ चुका झांकतां येतात. उघड्या बरगडीला तो आसरा नाहीं. तीस बरगड्यांपैकीं एक केसभर बाहेर आली तरी सारी रेषा मोडते. स्वतःची लबाडी अशक्य करून घेणारी ही चिकाटी आम्हांस दाण्यावरच्या श्लोकाहून फार वरच्या प्रतीची वाटते.

नकाशाची महति मुंबईकरांस परकी नसावी. वाडियांच्या गोदींत ‘ट्रिंकोमाली’ बांधावयाचें ठरलें तेव्हां तिचे नकाशे घेऊन निघालेलें ‘जावा’ जहाज १८१२ सालीं अमेरिकनांनीं जिंकलें व नकाशे गेले. नवे येईपर्यंत गोदीला थांबावें लागलें. १८१७ सालीं पाण्यांत उतरलेली ती सागवानी नौका आज इंग्लंडांत हार्टलपूल येथें तरंगत आहे.

आतां ज्या ग्रंथामुळें हा विषय वाचनीय झाला त्याकडे येऊं. लाँगरिज यांचा ‘द अॅनॅटमी ऑफ नेल्सन्स शिप्स’ हा ग्रंथ १९५५ सालीं निघाला. नेल्सननें ज्यावर १८०५ सालीं देह ठेवला त्या ‘व्हिक्टरी’ची त्याच पाव इंची मापाची प्रतिकृति कशी करावी, हें त्यांत सांगितलें आहे. खऱ्या जहाजाची तोफांच्या खालच्या मजल्याची लांबी १८६ फूट. प्रतिकृतींत ती साडेशेचाळीस इंच भरते. पुस्तक रुक्ष आहे, तें सलग वाचण्याचा प्रयत्न कोणी करूं नये. परंतु ग्रंथकार आधीं जहाज समजावून देतो व मग हत्यार हातीं घेतो, हा त्याचा मोठा गुण. एकच उदाहरण देतों. जुन्या आरमारांत दोराचें माप जाडीचें नसून घेराचें असे. जुन्या कोष्टकांतील दीड इंच वाचून जो तितक्या जाडीचा दोर करील, त्याचे सारे दोर तिपटीहून जाड होतील, आणि डोलकाठीवर चढण्याची दोरांची शिडी म्हणजे मासे धरण्याचें जाळें दिसूं लागेल. दीड इंच घेराचा दोर अर्ध्या इंचाहून किंचित् कमी जाड. पाव इंची मापावर तो इंचाचा शंभरावा हिस्सा होतो. त्या जाडीच्या दोऱ्यास प्रत्येक उभ्या दोराशीं एक गांठ, याप्रमाणें गांठीमागून गांठ मारावयाची. एवढी चिकाटी ज्याच्यापाशीं आहे त्यालाहि घेर व जाडी यांतील भेद ठाऊक नसेल तर त्याचे महिने फुकट गेले.

आणखी लहान मापावर तर प्रश्न अधिकच बिकट होतो. डोनाल्ड मॅकनॅरी यांचा ‘शिपबिल्डिंग इन मिनिएचर’ हा ग्रंथहि १९५५ चाच. सोळा फुटांस एक इंच या मापावर वरचाच दोर माणसाच्या केसाएवढा भरतो. येथें साध्या दोऱ्यावरची लव हीच दोराएवढी जाड दिसते. म्हणून अशीं कामें करणारे पुष्कळदां बारीक तार वापरतात. तारेचा आणखी एक उपयोग आहे. खऱ्या जहाजावरचा सैल दोर स्वतःच्या भारानें मध्यें लोंबतो. माप लहान केलें कीं दोराचा भार झपाट्यानें घटतो, पण ताठरपणा तेवढा घटत नाहीं. म्हणून प्रतिकृतींतला दोरा झोल न घेतां काडीसारखा उभा राहतो. तारेला मात्र बोटानें हलकेच दाबून झोल देतां येतो. तो कोणत्या दोराला किती द्यावा, हें बंदरांत उभें राहून खरे दोर पाहिल्याशिवाय ठरत नाहीं.