सहाव्या पायरीवरची मराठी

जोशुआ फिशमन यांचे ‘रिव्हर्सिंग लँग्वेज शिफ्ट’ हे पुस्तक १९९१ साली प्रसिद्ध झाले. अल्पसंख्य समाजाची भाषा मागे का सरते आणि मागे सरलेली भाषा पुन्हा पुढे आणता येते काय, या प्रश्नाचा इतक्या चिकाटीने पिच्छा पुरवणारे दुसरे पुस्तक माझ्या वाचनात नाही. फिशमन (१९२६-२०१५) स्वतः अमेरिकेतल्या यिडिशभाषक घरात वाढले. त्यामुळे लेखकाच्या शास्त्रीय कोरडेपणाखाली एक जिव्हाळा सतत जाणवत राहतो. आयरिश, बास्क, फ्रिजियन, नवाहो, माओरी, कॅटलन, हिब्रू अशा अनेक भाषांचा त्यात परामर्श आहे. भारतातल्या एकाही भाषेवर मात्र प्रकरण नाही. इंदूरच्या दक्षिणेला सुमारे २३ किलोमीटरवर असलेल्या महूत बसून हे पुस्तक वाचताना समासात जागोजागी ‘इंदूर’ असे लिहावेसे वाटते. कुठे लेखकाच्या बाजूने, तर कुठे त्याच्या विरुद्ध.

सीमाभागातल्या वाचकांपुढे हे पुस्तक ठेवण्याचे कारण उघड आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून आपला झगडा चालला आहे तो राज्याचा, कचेरीतल्या कागदांचा, पाट्यांचा, शाळांचा. महाजन आयोग झाला, २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. या लढ्याचे मोल मी कमी करीत नाही. पण ज्या गोष्टींसाठी तो लढला गेला त्या सर्व एके काळी इंदूरच्या मराठीला आयत्या मिळालेल्या होत्या, आणि तरीही तिचे काय झाले, हे सीमेवरच्या माणसाने पाहण्यासारखे आहे.

फिशमन भाषेच्या अवस्थेसाठी आठ पायऱ्यांची एक शिडी मांडतात. सर्वांत खालची आठवी पायरी म्हणजे भाषा चार-दोन वृद्धांच्या तोंडी उरली आहे आणि ती त्यांच्याकडून गोळा करायची आहे. सर्वांत वरची पहिली म्हणजे उच्च शिक्षण आणि उच्च शासन. मध्ये स्थानिक कारभार व प्रसारमाध्यमे, कामधंदा, सक्तीचे शिक्षण, आणि समाजाने स्वतःच्या बळावर टिकवलेले लिहिणे-वाचणे. पण ज्यावर त्यांचा सारा भर आहे ती सहावी पायरी. घरात आणि शेजारात आजी-आजोबा, आई-बाप आणि मुले एकमेकांशी ती भाषा बोलतात की नाही, एवढाच तिथला प्रश्न. ही पायरी निखळली तर वरच्या पायऱ्यांवर कितीही खर्च करा, पुढच्या पिढीला भाषा मिळत नाही, असे त्यांचे स्पष्ट मत आहे.

तिच्या खालची सातवी पायरी मात्र मोठी फसवी आहे. तिथे माणसे उत्साही असतात. सभा भरतात, नाटके होतात, गाणी होतात, वर्धापनदिन होतात. फक्त ही सारी माणसे मुले वाढवण्याचे वय ओलांडून गेलेली असतात. दिवाळी अंक काढणाऱ्यांना आणि वाचणाऱ्यांना राग यावा अशीच ही मांडणी आहे. (प्रस्तुत अंकाच्या वर्गणीदारांत तिशीच्या आतले किती, हे संपादकांनी खासगीत पाहावे. छापू नये.)

आता इंदूर या शिडीवर ठेवून पाहू. १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदुरास स्थिरावली, आणि त्याच वर्षी इंग्रजांची छावणी महूत पडली. होळकरांच्या दफ्तरात मोडी चालत होती, दरबारात मराठी होती. सरदार, कारकून, वैद्य, पुराणिक, मास्तर यांची घरे त्या दरबारावर उभी होती. म्हणजे पहिल्या पायरीपासून सहाव्यापर्यंत सारी शिडी शाबूत. १९१७ साली गणेश जनार्दन आगाशे यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन इंदुरात भरले. पुढच्याच वर्षी, १९१८ मध्ये, याच शहरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली हिंदी साहित्य संमेलन झाले, आणि दक्षिणेत हिंदी प्रचारक धाडण्याच्या कामाला तिथून चालना मिळाली. १९३५ साली तर दोन्ही संमेलने एकाच वर्षी इंदुरात झाली. मराठीचे अध्यक्ष औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी, हिंदीचे पुन्हा गांधीजी. मद्रासकडे निघालेली हिंदी एका मराठी संस्थानाच्या राजधानीतून निघाली, याची गंमत आज वाटते. त्या वेळी इंदूरच्या मराठी मंडळींना त्यात धोका दिसला नसावा, कारण त्यांचा दरबार जागेवर होता.

१९४८ साली संस्थान मध्य भारतात विलीन झाले, १९५६ साली मध्य भारत मध्य प्रदेशात. वरच्या दोन-तीन पायऱ्या गेल्या त्या कुणी हिसकावून नव्हे, सरकारी गॅझेटाने. मोर्चा नाही, गोळीबार नाही. सीमाभागाशी तुलना करता हा फरक मोठा आहे. तुमच्याकडे भाषा जाताना आवाज झाला, आमच्याकडे झाला नाही. सातवी पायरी अजूनही भक्कम आहे. २००१ साली विजया राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय संमेलन पुन्हा इंदुरात झाले, आणि पुण्या-मुंबईची नाटके आली की सभागृह आजही भरते. मध्यंतरात चहाच्या रांगेत कोणती भाषा चालते, याकडे फक्त कान द्यावा.

इथवर फिशमन बरोबर ठरतात. त्यांच्याशी माझे भांडण सुरू होते ते मुक्तिबोध बंधूंपाशी.

गजानन माधव मुक्तिबोध यांचा जन्म १९१७ चा, श्योपूरचा. घर मराठी, शिक्षण इंदूरच्या होळकर महाविद्यालयात. १९४३ च्या ‘तार सप्तक’मध्ये ते होते आणि पुढे आधुनिक हिंदी कवितेतले एक सर्वांत मोठे नाव झाले. त्याच ‘तार सप्तक’च्या सात कवींत प्रभाकर माचवे हे दुसरे मराठीभाषक. गजाननरावांचे धाकटे बंधू शरच्चंद्र यांचा जन्म १९२१ साली इंदुरात झाला. त्यांनी मराठीत ‘नवी मळवाट’ लिहिले, ‘क्षिप्रा’ ही कादंबरी लिहिली, आणि ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या ग्रंथासाठी १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळवला. एकाच घरातले दोन भाऊ दोन भाषांत पहिल्या प्रतीचे लेखक. शरच्चंद्र नागपुरास गेले म्हणून मराठीत राहिले, असेही म्हणता येत नाही. गजाननरावही १९४८ नंतर कितीतरी वर्षे नागपुरातच होते.

फिशमन यांच्या शिडीवर थोरला भाऊ ‘गमावलेला’ ठरेल. मी तसे म्हणायला तयार नाही. त्या पिढीला दोन्ही भाषा पुऱ्या येत होत्या. तिने हिंदीत लिहिले ती निवड होती. निवड करण्यासाठी दोन्ही गोष्टी हाताशी असाव्या लागतात. आज माझ्या शाळेतल्या मराठी आडनावाच्या मुलापुढे अशी निवडच नाही, आणि खरा प्रश्न तो आहे. शिडी भाषा मोजते. माणसाच्या हातात काय उरले ते मोजत नाही.

दुसरे भांडण जवळिकीचे. इंग्रजीत शिरणाऱ्या आयरिश किंवा माओरी मुलाला आपण उंबरा ओलांडला हे कळते. हिंदी आणि मराठी यांची लिपी एक, निम्मे शब्द एक, देवही बरेचसे एक. उंबरा कुठे आहे हेच कळत नाही. ‘मला मदत कर’चे ‘माझी मदत कर’ होते, ‘भाजी केली’ची ‘भाजी बनवली’ होते. पुण्याच्या वर्तमानपत्रांत आज या वाक्यांवर वाचकांची पत्रे येतात. आमच्याकडे ती माझ्या लहानपणीच घरोघर होती. कॅटलन आणि स्पॅनिश, फ्रिजियन आणि डच या जवळच्या जोड्या फिशमन यांच्या पुस्तकात आहेत, पण जवळिकीनेच भाषा अलगद निसटते, या मुद्द्याला माझ्या मते त्यांनी पुरेसा न्याय दिलेला नाही.

म्हणून काही ‘माझी मदत कर’ने मराठी मरते असे नव्हे. शुद्धतेच्या कैवाऱ्यांनी सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडचा अभ्यास जरूर पाहावा. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ साली तो प्रसिद्ध केला. जैन आणि लिंगायत घरांत कन्नड, मुसलमान घरांत उर्दू, दलित घरांत मराठी. आणि शतकानुशतकांच्या शेजारामुळे या भाषांची वाक्यरचना इतकी एकसारखी झालेली की शब्दाला शब्द ठेवून भाषांतर व्हावे. सीमाभागातल्या कुणालाही हे ऐकून आश्चर्य वाटणार नाही. व्याकरण असे सरमिसळ होऊनही एकही भाषा मेली नाही, कारण घरे वेगळी होती.

पण घरे वेगळी कशामुळे होती? जातीमुळे, धर्मामुळे. हे या अभ्यासातले अवघड सत्य आहे. कुपवाडची सहावी पायरी ज्या भिंतीने सांभाळली ती भिंत कुणी शहाणा माणूस पुन्हा बांधणार नाही. इंदूर-महूच्या नव्या वसाहतींत मराठी घराशेजारी सिंधी, माळवी, जैन, मुसलमान घर आहे, लग्ने होत आहेत. हे मला चांगले वाटते. फिशमन यांना सहाव्या पायरीसाठी भाषकांची दाट वस्ती हवी असते. ती अट इथे पाळता येणार नाही, आणि पाळता आली तरी पाळू नये, असे माझे मत आहे. मग भिंतीवाचून घरातली भाषा राखता येते का?

महूपुरते एक उदाहरण आठवते. डॉ. आंबेडकरांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिक्षक. बाबासाहेब लहान असतानाच कुटुंबाने महू सोडले. मग दापोली, सातारा, मुंबई. रामजीबाबा मुलांना रोज रामायण-महाभारतातला भाग मोठ्याने वाचायला लावीत आणि घरातली व बाहेरची माणसे ऐकायला बसत, ही आठवण बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. शेजार बदलत गेला, वाचन घराबरोबर फिरत राहिले. दापोली-सातारा हा मराठी मुलूख, तेव्हा हे उदाहरण आम्हांला पुरते लागू पडत नाही, हे मान्य. तरीही घरातल्या भाषेला शेजाराखेरीज दुसराही एक आधार असू शकतो, एवढे त्यातून दिसते. आणि ‘मूकनायक’ (१९२०), ‘बहिष्कृत भारत’ (१९२७) यांचे मराठी वाचताना तो आधार आठवतो.

महूचे अधिकृत नाव २००३ पासून डॉ. आंबेडकर नगर आहे. दर १४ एप्रिलला जन्मभूमीच्या दर्शनाला महाराष्ट्रातून प्रचंड गर्दी लोटते. विदर्भाची, मराठवाड्याची, खानदेशाची मराठी त्या दिवशी स्टेशनपासून स्मारकापर्यंत वाहत असते. ‘हल्ली मराठी कानावर पडत नाही’ असे वर्षभर म्हणणारी आमची ज्येष्ठ मंडळी त्या दिवशी बहुधा घरीच असतात. कोणाची मराठी ही मराठी, हा प्रश्न कोणत्याही शिडीवर दिसत नाही. पण पुनरुज्जीवनाच्या गोष्टी करणाऱ्यांनी तो आधी सोडवावा.

असो. आणखी एका भाषेचा उल्लेख केल्याशिवाय हे परीक्षण अपुरे राहील. २०११ च्या जनगणनेत माळवी बोलणारे सुमारे ५२ लाख होते आणि त्यांची गणना ‘हिंदी’त झाली. मध्य प्रदेशातले मराठीभाषक त्याच्या पाव हिश्श्याहूनही कमी. तरी मराठी आठव्या अनुसूचीत आहे, ऑक्टोबर २०२४ मध्ये तिला अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला. माळवीच्या डोक्यावर आधी आमचा दरबार बसला आणि मग हिंदीची कचेरी. स्वतःला माळव्यातले अल्पसंख्य म्हणवताना मराठी माणसाने हे विसरू नये. सीमाभागातही आपल्या खाली कोणती बोली दबली आहे, ते वाचकांनी पाहावे.

घटनेचे कलम ३५० अ प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्यास सांगते. शाळेत चाळीस किंवा वर्गात दहा मुले असली तर ती सोय व्हावी, असा निकष १९४९ सालच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने घालून दिला होता. पण ही दहा मुले मोजायची कशावरून? प्रवेशअर्जावरून. अर्जात ‘मातृभाषा’ असा एक रकाना असतो. माळवी बोलणारे पालक तिथे हिंदी लिहितात. मराठी पालकांतलेही पुष्कळ जण तेच लिहितात. मागच्या सत्रात एक आजोबा नातवाला घेऊन आले होते. मुलाच्या वडिलांनी भरलेला अर्ज त्यांनी वाचला, खिशातून पेन काढले, ‘हिंदी’ खोडून ‘मराठी’ लिहिले आणि शेजारी सही केली. मी मुलाला मराठीत नाव विचारले. त्याने आजोबांकडे पाहिले. आजोबांनी माझा प्रश्न त्याला हिंदीत सांगितला, आणि मग त्याने उत्तर दिले.