खिशातली प्रत आणि कचेरीतली प्रत

भीमेच्या एका काठाला शिरूर तालुका, दुसऱ्या काठाला दौंड. रांजणगाव सांडसजवळ मुळा-मुठा भीमेला मिळते आणि तेथून पुढे काही अंतर ही नदीच दोन्ही तालुक्यांची हद्द होते. या पट्ट्यातल्या शेतकऱ्याच्या सातबाऱ्याची एक प्रत पूर्वी तलाठ्याच्या दप्तरात असे. आता त्याचा एक तुकडा शेतकऱ्याच्या स्वतःच्या फोनमध्ये असतो. या तुकड्याचे आणि कचेरीतल्या प्रतीचे जुळते कसे, आणि कोठे बिनसते, ते आपण पाहू.

ई-पीक पाहणी हे अ‍ॅप १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर वापरात आले. महसूल व कृषी विभागांनी टाटा ट्रस्टच्या साहाय्याने ते तयार केले. शेतकरी बांधावर उभा राहून गट निवडतो, पीक आणि क्षेत्र लिहितो, अक्षांश-रेखांशासह पिकाचे छायाचित्र घेतो. ही माहिती गाव नमुना बारामध्ये जाते. (सातबारा म्हणजे नमुना सात, जमीन कोणाची ते सांगणारा, आणि नमुना बारा, त्या जमिनीत काय पिकले ते सांगणारा.) पाहणी शेतकऱ्याने स्वतः करावी हा विचार आम्हाला पूर्णपणे मान्य आहे. फोनला रेंज नसली तरी नोंद करून ठेवता येते आणि रेंज आल्यावर पाठवता येते, ही सोयही उत्तम. अडचण नेमकी या सोयीतून जन्माला येते.

फोनमध्ये नोंद लिहिली त्या क्षणापासून एकाच शेताच्या दोन हकिकती अस्तित्वात येतात. एक खिशात, एक सर्व्हरवर. वेबवरच्या कोणत्याही अर्जाची हीच स्थिती असते. ब्राउझरमध्ये दिसणारे पान ही सर्व्हरवरील माहितीची थोड्या वेळापूर्वीची प्रत असते, आणि आपण पाहत असतानाच ती शिळी होऊ शकते. शाळेतल्या दोन शिक्षकांनी एकाच विद्यार्थ्याचे पान दोन संगणकांवर उघडले, एकाने पत्ता दुरुस्त केला, दुसऱ्याने जन्मतारीख, आणि दोघांनीही अख्खे पान परत पाठवले, तर नंतर पोहोचलेले पान आधीची दुरुस्ती पुसून टाकते. चूक कोणाचीच नसते.

आता शेताकडे येऊ. समजा, दोन भावांचा सामाईक गट आहे, क्षेत्र एक हेक्टर, म्हणजे १०० आर. थोरल्याने शिरूरच्या बाजूला, रेंज नसताना, कांदा ६० आर लिहिला. धाकटा दौंडला राहतो; त्याने त्याच आठवड्यात ऊस ६० आर लिहिला. प्रत्येक फोनपुरती नोंद बिनचूक आहे, कारण ६० हा आकडा १०० पेक्षा कमीच आहे. दोन्ही एकत्र आल्यावर मात्र शेत १२० आरांचे होते. ही विसंगती कोणत्याही एका फोनला दिसणे शक्यच नाही. ती फक्त सर्व्हरला दिसते, आणि तीही दुसरी नोंद पोहोचल्यावर. मग सर्व्हरने काय करावे? उशिरा आलेली नोंद नाकारावी तर ज्याच्याकडे रेंज चांगली तो खरा, असा न्याय होतो. फोनच्या घड्याळातली वेळ पाहावी तर घड्याळे चुकतात, मुद्दाम मागेपुढेही करता येतात. लेस्ली लॅम्पोर्ट या संगणकशास्त्रज्ञाने १९७८ सालच्या एका निबंधात दाखवून दिले की दूरदूरच्या यंत्रांतील घटनांचा क्रम लावण्यासाठी भिंतीवरच्या घड्याळावर विसंबण्याची गरज नाही. कोणती घटना कोणत्या घटनेची माहिती मिळाल्यानंतर घडली, एवढे नोंदवले तरी पुष्कळ काम होते.

एक उपाय दौंडकरांच्या चांगल्या परिचयाचा असावा. दौंड–मनमाड हा लोहमार्ग दीर्घकाळ एकेरी होता. एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून भारतीय रेल्वेत टोकनची पद्धत वापरली गेली. लगतच्या दोन स्थानकांतली यंत्रे एकमेकांशी अशी जोडलेली, की एका वेळी एकच गोळा बाहेर निघावा. गोळा हाती असल्याशिवाय चालकाने पुढे जायचे नाही. संगणकातही असे कुलूप लावता येते. पण ज्या फोनकडे गोळा आहे तो बंद पडून फडताळात राहिला, तर सगळा गट अडकून पडेल. गाडीला चालते ते शेतकऱ्याला चालणार नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठातील सत्यनारायणन आणि किस्लर यांनी कोडा या फाइल व्यवस्थेविषयी १९९१ साली जे मांडले, त्याची दिशा उलटी होती. संपर्क तुटला असतानाही काम करू द्यावे, बदलांची यादी ठेवावी, संपर्क आल्यावर ती यादी मूळ प्रतीवर चालवावी, आणि भांडण निघाले तर ते लपवू नये.

बदलांची यादी! आमचा मुख्य आक्षेप येथेच आहे, कारण ही युक्ती आपल्या महसूल दप्तराला कधीचीच ठाऊक आहे. गाव नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवही. जमीन विकली, वारस लागले, की आधी फेरफाराला क्रमांक पडतो, नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस दिले जातात, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि मग सातबारा बदलतो. जुने नाव खोडून नाहीसे करायचे नाही. ते कंसात जाते आणि फेरफाराचा क्रमांक तेथे राहतो. म्हणजे नमुना सहा हा घडलेल्या बदलांचा इतिहास, आणि नमुना सात ही त्या इतिहासावरून निघालेली आजची स्थिती. मोठमोठ्या वेबप्रणाली आज हेच करू पाहतात.

नमुना बाराला ही शिस्त कधीच नव्हती. दरवर्षी पीक लिहायचे, एवढेच. नव्या अ‍ॅपने फोन आणला, उपग्रहावरून जागा ठरवणे आणले, पण वळण नमुना बाराचेच ठेवले. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत शेतकऱ्याला नोंद ४८ तासांत एकदा दुरुस्त करण्याची मुभा मिळाली आणि नोंदींपैकी दहा टक्के तपासण्याचे काम तलाठ्याकडे (२०२४ पासून त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) राहिले. मुभा चांगली, पण ती तासांत मोजणे आम्हाला पटत नाही. शेतकऱ्याला आपली चूक दिसते ती कचेरीतली प्रत डोळ्यांपुढे आल्यावर. ती कधी येते यावर मुदत अवलंबून हवी.

हा वाद केवळ तांत्रिक नाही. फेब्रुवारी-मार्च २०२३ मध्ये विकलेल्या कांद्याला शासनाने क्विंटलला ३५० रुपये, २०० क्विंटलच्या मर्यादेत, अनुदान जाहीर केले. त्यासाठी सातबाऱ्यावर कांद्याची नोंद लागत होती. कांदा पिकला, बाजारात विकलाही गेला, पट्टी हातात, पण नमुना बारामध्ये कांदा नाही, असे कितीतरी शेतकरी निघाले. शेवटी गावपातळीवरच्या कर्मचाऱ्यांनी खात्री करून दाखला देण्याची वाट काढावी लागली. संगणकाच्या भाषेत ही दोन प्रतींची जुळवणीच झाली. फक्त ती आधी आखलेली नव्हती, आणि माणसांनी हाताने केली. २०० क्विंटलचे ७०,००० रुपये होतात.

पडद्यावर तीन अवस्था स्वतंत्र दिसाव्यात, एवढी तरी मागणी करायला हरकत नसावी: नोंद फोनमध्ये आहे, सर्व्हरवर पोहोचली आहे, नमुना बारामध्ये चढली आहे. पहिल्या अवस्थेत हिरवी खूण दिसली की माणूस निश्चिंत होऊन घरी जातो.

वर्गात हे करून पाहता येईल. फळ्यावर १०० आरांचा गट काढा. तो सर्व्हर. दोन मुलांना वहीत त्याची नक्कल करू द्या, मग त्यांना वर्गाबाहेर दोन टोकांना बसवा आणि पोस्टकार्डाएवढ्या कागदांवर नोंदी पाठवायला सांगा. पहिल्या खेपेला कागदावर फक्त पीक आणि क्षेत्र. दुसऱ्या खेपेला प्रत्येक कागदावर स्वतःचा क्रमांक आणि ‘मी फळ्यावरची कितवी आवृत्ती पाहून हे लिहिले’ एवढी एक ओळ जास्त. पोस्टमन झालेल्या मुलाने एखादे कार्ड हरवावे आणि एखाद्या कार्डाची नक्कल करून ते मुद्दाम दोनदा द्यावे. फळ्यापाशी उभ्या असलेल्या मुलाला मात्र हे आधी सांगू नये.