विषाचे औषध आणि वेदनेचा हिशेब

जुनाट दुखण्यावर नवा उपचार आला की त्याच्यामागे ‘चमत्कार’ हा शब्द हमखास येतो. चेहरा, जबडा व तोंडाच्या दीर्घकालीन वेदनेसाठी दिल्या जाणाऱ्या बोटुलिनम विषाच्या इंजेक्शनांचे, म्हणजेच बोटॉक्सचे, असेच झाले आहे. या उपचारात तथ्य आहे. परंतु तो सगळ्या वेदनांना सारखाच लागू पडतो, हे म्हणणे विज्ञानाला धरून नाही.

प्रथम विषाविषयी. ते क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम हा जीवाणू तयार करतो. १८९५ मध्ये बेल्जियममध्ये खारवलेल्या मांसातून विषबाधा झाली, तेव्हा एमिल व्हॅन एर्मेंगेम यांनी तो शोधून काढला. या जीवाणूला प्राणवायू चालत नाही, त्यामुळे नीट न तापवलेले हवाबंद अन्न त्याला मानवते. मात्र सामू ४.६ पेक्षा कमी असल्यास तो वाढत नाही. रत्नागिरीच्या हापूसचा रस डब्यात भरताना आम्लता राखण्याचे एक महत्त्व हेच आहे.

मज्जातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीन हे रसायन बाहेर पडले की स्नायू आकुंचन पावतो. ते बाहेर पडण्यासाठी लागणारे एक प्रथिन हे विष तोडते आणि स्नायू सैल पडतो. वेदनेचे संदेश नेणारी काही रसायनेही अशीच अडवली जातात, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसते. साधारणपणे तीन-चार महिन्यांत मज्जातंतू पूर्ववत होतो व परिणाम ओसरतो.

आता वेदनेकडे वळू. ट्रायजेमिनल न्यूराल्जिया या विकारात चेहऱ्याच्या संवेदना नेणारी नस दुखते. दात घासताना किंवा वाऱ्याची झुळूक लागताच विजेसारखी कळ येते. दातदुखी समजून निरोगी दात काढले जाण्याचे प्रकारही घडतात. कार्बामाझेपीन हे यावरचे पहिले औषध. बोटॉक्सची एक चाचणी २०१२ मध्ये चीनमध्ये प्रसिद्ध झाली. तीत वेदना निम्म्याने किंवा त्याहून अधिक कमी झाली, असे रुग्ण विष दिलेल्या २२ पैकी १५ होते. नुसते मिठाचे पाणी टोचलेल्या २० पैकी ३. हा फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही. तथापि रुग्ण अवघे ४२ आणि निरीक्षणाचा काळ १२ आठवडे, हेही त्याच दमात सांगायला हवे.

जबड्याच्या स्नायूंच्या दुखण्याची गोष्ट निराळी. ताणलेला स्नायू सैल केला की दुखणे थांबेल, हा तर्क मोठा आकर्षक आहे. पण चाचण्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत, कारण मिठाच्या पाण्यानेही पुष्कळांना बरे वाटते. शिवाय चावण्याचा स्नायू दुबळा केल्यावर जबड्याचे हाड विरळ होते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत आढळले आहे. माणसांत काय होते, यावर संशोधकांचे एकमत नाही.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने हे औषध १९८९ मध्ये तिरळेपणा व पापण्यांच्या आकडीसाठी, तर २०१० मध्ये दीर्घकालीन अर्धशिशीसाठी मान्य केले. वरील दोन्ही विकार त्या मान्यतेत येत नाहीत. डॉक्टर आपल्या निर्णयाने ते वापरू शकतात. मात्र रुग्णाला तसे सांगितले पाहिजे. दर तीन-चार महिन्यांनी रत्नागिरीहून मुंबई-पुण्याची खेप आणि इंजेक्शनचा खर्च सोसणाऱ्या माणसाला हे आधी कळणे, हा त्याचा हक्क आहे.

शिक्षकांनी या चाचणीचे आकडे फळ्यावर लिहून मुलांना विचारावे : मिठाचे पाणी टोचलेले तिघे का बरे झाले? आणि ते २० जण चाचणीत घेतलेच नसते, तर उरलेल्या २२ जणांवरून आपण काय अनुमान काढले असते? या प्रश्नांवर घासून पाहिलेली जाहिरात मुलांना सहसा फसवू शकणार नाही.